गच्चीवरची टाकी आणि रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू

टाकी भरली की संपली एवढेच कळायचे असेल तर दोन फ्लोट स्विच आणि एक बझर पुरतो; त्यासाठी संगणक लावायची काही गरज नाही. पण रात्री नळ बंद असताना पातळी किती उतरते, टँकरवाल्याने खरेच किती पाणी सोडले, सकाळी कोणत्या अर्ध्या तासात टाकी झपाट्याने रिकामी होते, हे आकड्यांत हवे असेल तर सतत मोजून नोंद ठेवणारे काहीतरी लागते. ते काम रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा एकाच छोट्या बोर्डावरचा संगणक व्यवस्थित करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ डॉलर किमतीला आलेला हा बोर्ड ६५ बाय ३० मिलीमीटरचा आहे. चार कोअर, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, वाय-फाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचे. ईएसपी३२ हा साधा मायक्रोकंट्रोलर त्याहून स्वस्त आहे आणि त्यात मेमरी कार्ड खराब होण्याची भानगडच नाही. तरी मोजणे, साठवणे, आलेख दाखवणे हे सगळे एकाच जागी हवे असेल आणि काही बिनसले तर घरात बसून लॉगइन करून बघायचे असेल, तर लिनक्स चालणारा बोर्डच सोयीचा पडतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. असे बोर्ड गच्चीवर बसवले की बोर्ड स्वतः क्वचितच दगा देतो. दगा देतात वीज, मेमरी कार्ड आणि तारा, साधारण याच क्रमाने. कोड हा यातला सगळ्यात सोपा भाग.

विजेपासून सुरुवात करू. अडॅप्टर ५ व्होल्टचा, २ ते २.५ अँपिअरचा घ्यायचा, हे सगळीकडे लिहिलेले असते. खरी गडबड केबलमध्ये असते. मोबाइल चार्जिंगच्या स्वस्त मायक्रो-यूएसबी केबलमध्ये बऱ्याचदा २८ गेजची तार असते. तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. दोन मीटरची केबल म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तार, साधारण ०.८५ ओहम. वाय-फाय जोरात चालू असताना बोर्डाने अर्धा अँपिअर ओढला की केबलमध्येच ०.४ व्होल्टहून जास्त जातो आणि बोर्डापर्यंत ४.६ पोहोचतात. २४ गेजच्या, म्हणजे जास्त जाड तारेत हीच घट ०.१७ व्होल्ट. म्हणून केबल आखूड आणि जाड घ्यावी, आणि लांबवायचेच असेल तर २३० व्होल्टची बाजू लांबवून अडॅप्टर बोर्डाजवळ न्यावा.

इथे झीरोची एक खोड माहीत असायला हवी. मोठ्या पाय बोर्डांवर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेले की स्क्रीनवर विजेचे चिन्ह दिसते आणि आज्ञा देऊन तशी नोंदही वाचता येते. झीरो मालिकेत ते ओळखणारे सर्किटच नाही. त्यामुळे झीरोवर ती आज्ञा देऊन ‘सगळे ठीक’ असे उत्तर आले म्हणून वीज ठीक आहे असे समजू नये. मल्टिमीटर घ्या, काळी कांडी पिन ६ वर, लाल पिन २ वर, आणि बोर्ड बूट होत (सुरू होत) असताना आकडा बघा. ४.८ च्या खाली जात असेल तर आधी केबल बदला.

मेमरी कार्ड १६ किंवा ३२ जीबीचे पुरते, पण ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे घ्यावे. सीसीटीव्ही किंवा गाडीच्या कॅमेऱ्यासाठी जी कार्डे विकतात ती हीच. नवे कार्ड आल्यावर ‘एफ३’ नावाच्या मोफत साधनाने ते पूर्ण भरून परत वाचून बघावे. नकली कार्डावर ३२ जीबी छापलेले असते आणि आत ८ असतात. अशी कार्डे सुरुवातीला अगदी नीट चालतात, आणि खरी जागा संपली की जुन्या माहितीवर नवी लिहायला लागतात.

ऑपरेटिंग सिस्टिम ‘लाइट’ आवृत्तीची, म्हणजे डेस्कटॉपशिवायची घ्यावी. ५१२ एमबीत ३२ बिटची आवृत्ती जास्त मोकळी वाटते. कार्ड लिहिताना रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रॅममध्येच होस्टनेम (बोर्डाचे नेटवर्कवरचे नाव), वापरकर्ता, पासवर्ड, वाय-फायचे नाव, देश ‘आयएन’ आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून लॉगइन करायची सोय) चालू, हे सगळे भरून टाकावे. जुन्या लेखांत बूट विभागात वाय-फायची एक फाइल टाका असे सांगितलेले असते. सिस्टिमच्या ऑक्टोबर २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्क सांभाळायला नेटवर्क मॅनेजर हा प्रोग्रॅम आल्यामुळे ती युक्ती चालत नाही. ‘पाय’ हे वापरकर्त्याचे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड ही ठरलेली जोडीही एप्रिल २०२२ पासून गेली. आणि जुन्या झीरो डब्ल्यूमधले कार्ड तसेच काढून झीरो २ मध्ये घातले, तर त्यावरची सिस्टिम ऑक्टोबर २०२१ च्या आधीची असल्यास बोर्ड बूटच होत नाही. त्या वेळी बोर्ड मेला असे वाटते, पण तो ठणठणीत असतो.

पहिले बूट घरात, राउटरजवळ करावे. सिस्टिमचा विभाग पूर्ण कार्डभर पसरवण्यात बराच वेळ जातो, तेवढ्यात घाईने वीज काढू नये. बोर्ड नेटवर्कवर दिसत नसेल तर आधी राउटर बघा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव दिलेले असेल, किंवा वाय-फायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर असेल, तर काही राउटरशी झीरोचे जुळत नाही. २.४ ला वेगळे नाव द्यावे आणि डब्ल्यूपीए२ ठेवावे. वाय-फायची वीजबचतही नेटवर्क मॅनेजरमधून बंद करून टाकावी; नाहीतर बोर्ड चालू असतो, नोंदी होत असतात, पण लॉगइन करायला गेले की तो मिनिट-मिनिट उत्तर देत नाही.

आता सेन्सर. पाण्यासाठी जेएसएन-एसआर०४टी हा अल्ट्रासॉनिक सेन्सर वापरतात. त्याचे जलरोधक डोके वेगळे आणि सर्किट वेगळे, मध्ये अडीच मीटरची तार. ही तार कापून लांबवू नये. डोक्याकडून येणारा प्रतिध्वनीचा सिग्नल अगदी क्षीण असतो, जोड दिला की त्यात कचरा मिसळतो. सर्किट टाकीजवळच्या डबीत ठेवावे आणि तिथून बोर्डापर्यंतची तार लांबवावी. लेझरने अंतर मोजणारे छोटे सेन्सर दिसायला आकर्षक आहेत, पण स्वच्छ पाण्यावर उपयोगाचे नाहीत. प्रकाश बराचसा आत शिरतो आणि आकडा तळाचा येतो की पृष्ठभागाचा, सांगता येत नाही.

हा सेन्सर सहसा ‘ट्रिगर द्या, इको मोजा’ पद्धतीने वापरतात, म्हणजे बोर्डाने इशारा द्यायचा आणि प्रतिध्वनी यायला लागलेला वेळ मोजायचा. त्यात एक सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद हा हिशेब असतो. लिनक्स वेळेचे इतके काटेकोर पाळत नाही. पायथन प्रोग्रॅम मध्येच १०० मायक्रोसेकंद बाजूला पडला की पावणेदोन सेंटिमीटरची चूक झालीच. त्यापेक्षा सेन्सरला सिरियल पद्धतीत टाकणे चांगले. त्याच्या सर्किटवर बहुतेक वेळा ‘आर२७’ अशी मोकळी जागा असते. तिथे ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावला की सेन्सर स्वतःच मोजतो आणि दर १०० मिलीसेकंदाला ९६०० बॉडच्या वेगाने चार बाइट पाठवतो. पहिला नेहमी २५५, मग अंतराचे दोन बाइट मिलीमीटरमध्ये, शेवटी पडताळणीचा. उदाहरणार्थ २५५, ४, १२४, १२७ असे आले, तर अंतर ४ गुणिले २५६ अधिक १२४, म्हणजे ११४८ मिलीमीटर. पहिल्या तिघांची बेरीज ३८३, त्यातून २५६ वजा केले की १२७. चौथा बाइट जुळला. जुळला नाही तर चारही फेकून द्यायचे.

जोडणी सहा तारांची आहे आणि सगळ्या पिना बोर्डाच्या एकाच टोकाला येतात. पिन २ वरून सेन्सरला ५ व्होल्ट, पिन ६ ग्राउंड, पिन १० वर सेन्सरचा सिरियल सिग्नल. तापमानाच्या डीएस१८बी२० सेन्सरला पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ९ ग्राउंड आणि पिन ७ वर सिग्नल. पूर्ण चाळीस पिनांची पट्टी झाळत बसायची गरज नाही, पहिली दहा भोके पुरतात. पिन १ ची जागा चौकोनी असते, तिच्यावरून मोजायला लागावे. मी तर पिना न लावता तारा थेट झाळण्याच्या बाजूने आहे. त्या रंगीबेरंगी टोचायच्या तारा टेबलावर प्रयोग करायला ठीक. गच्चीवर एक पावसाळा गेला की त्यांच्या आतल्या पत्र्यावर गंज धरतो आणि आकडे मधूनच गायब व्हायला लागतात. झाळताना ग्राउंडच्या भोकांना जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तिथली उष्णता तांब्याचा सगळा थर ओढून घेतो. सोल्डर भोकात उतरून दुसऱ्या बाजूला चकाकली पाहिजे. वर गोळी होऊन बसली तर जोड कच्चा.

पिन १० वर ५ व्होल्ट कधीही थेट जाऊ द्यायचे नाहीत, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एक-एक किलोओहमचे तीन रेझिस्टर घ्या. सेन्सरचा सिग्नल एका रेझिस्टरमधून पिन १० वर, आणि पिन १० पासून ग्राउंडपर्यंत उरलेले दोन एकापुढे एक. ५ व्होल्टचे दोन तृतीयांश, म्हणजे ३.३३. तिन्ही रेझिस्टर सारखेच असल्याने घोळ होत नाही आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चिल्लर पैशांत मिळतात. डीएस१८बी२० च्या सिग्नल आणि ३.३ व्होल्टमध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. तो विसरला तर सेन्सर यादीत दिसतच नाही. तापमान सारखे ८५ अंश दाखवत असेल तर तो उन्हाळा नव्हे. वीज आल्यावरचा तो त्याचा मूळ आकडा असतो, म्हणजे मोजमाप पूर्ण झालेले नाही. त्याला पाऊण सेकंद लागतो आणि तेवढा वेळ वीज स्थिर लागते.

सिरियल चालू करताना रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये दोन प्रश्न येतात. लॉगइनसाठी सिरियल वापरायचे का, याला ‘नाही’. हार्डवेअर चालू करायचे का, याला ‘हो’. पहिल्याला ‘हो’ म्हटले तर सेन्सरचे बाइट लिनक्सचे लॉगइन खाऊन टाकते आणि प्रोग्रॅमला अर्धवट तुकडे मिळतात. पायथनची लागणारी साधने ‘पिप’ या पायथनच्या इन्स्टॉलरऐवजी सिस्टिमच्या ‘एपीटी’ने घ्यावीत. बुकवर्मपासून पिप थेट बसवू देत नाही, लांबलचक तक्रार करते. ती मोडून काढण्याच्या ज्या युक्त्या फिरतात त्या वापरू नयेत.

तापमानाचा सेन्सर ही चैन नव्हे. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४५ अंशांना ३५८ च्या पुढे जातो. मे महिन्यात काळ्या टाकीच्या आतली हवा सहज इतकी तापते. खरे अंतर १२० सेंटिमीटर असेल आणि हिशेब २० अंशांचा धरला, तर उत्तर ११५ येते. टाकीचा आतला व्यास ११० सेंटिमीटर असेल तर एका सेंटिमीटरला साडेनऊ लिटर, म्हणजे दुपारी टाकीत नसलेले पन्नासेक लिटर पाणी दिसते आणि रात्री ते ‘गळून’ जाते. गळती शोधायलाच हे सगळे मांडलेले असेल तर हा घोटाळा परवडत नाही. उपाय सोपा आहे. एकदा टेपने खरे अंतर मोजा, त्या क्षणी सेन्सरचा आकडा आणि आतल्या हवेचे तापमान टिपा. पुढचा प्रत्येक आकडा त्या वेळचा वेग आणि आताचा वेग यांच्या गुणोत्तराने दुरुस्त करा. वेग म्हणजे ३३१.३ अधिक तापमानाच्या ०.६०६ पट. तापमापकाचे टोक मात्र पाण्यात बुडवायचे नाही, झाकणाखालच्या हवेत लोंबते ठेवायचे.

सेन्सरचे डोके पाण्याला अगदी काटकोनात आणि भिंतीपासून लांब हवे. ध्वनी चांगलाच पसरतो. आतल्या कडा, बॉल व्हॉल्व्हचा दांडा, पाण्याची धार, सगळ्यांवरून तो परत येतो. शिवाय पहिल्या २०-२५ सेंटिमीटरमधले त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की पाणी त्या आंधळ्या पट्ट्यात शिरते आणि आकडे वेडेवाकडे होतात. झाकणावर पाइपचा तुकडा लावून डोके उंच करायचा मोह होतो, पण मग पाइपच्या कडेवरूनच प्रतिध्वनी येतो. वरचे काही सेंटिमीटर ‘भरलेली’ म्हणून सोडून द्यावेत, हे बरे.

दुसरा शत्रू दव. थंडीच्या सकाळी डोक्यावर थेंब साचतात आणि ११४८, ११५१, २३४, ११४९, ११४७ अशी माळ येते. यांची सरासरी ९६६ निघते, म्हणजे अठरा सेंटिमीटर आणि १७० लिटरची थाप. मध्यक, म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा, ११४८. सरासरी विसरा, दर मिनिटाला अकरा वाचने घेऊन मध्यक ठेवा. अर्ध्याहून अधिक वाचने २०-२५ सेंटिमीटरची येत असतील तर त्या मिनिटाची नोंद रिकामी सोडावी, ओढूनताणून आकडा भरू नये.

आता लोडशेडिंग. वीज अचानक गेली तेव्हा कार्डावर लिहिणे चालू असेल तर फक्त तीच फाइल बिघडते असे नाही. कार्डाच्या आतला कंट्रोलर आपल्या सोयीने जुनी माहिती इकडून तिकडे हलवत असतो. त्या हालचालीत सिस्टिमच्या फायलीही सापडतात आणि बोर्ड बूट होईनासा होतो. यावर रामबाण म्हणजे रास्पी-कॉन्फिगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम. ती लावली की कार्ड फक्त वाचले जाते, सगळे लिखाण रॅममध्ये होते आणि रीबूटला पुसले जाते. मग नोंदींचे काय? त्या ओटीजी अडॅप्टर लावून वेगळ्या पेनड्राइव्हवर, दर पंधरा मिनिटांनी एकदाच लिहायच्या. वीज गेली तर जास्तीत जास्त पंधरा मिनिटे बुडतात. कोणता ड्राइव्ह कुठे जोडायचा हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये पेनड्राइव्हच्या ओळीत ‘नोफेल’ हवेच. नाहीतर पेनड्राइव्ह बिघडल्यावर बोर्ड बूट होताना अडून बसतो आणि गच्चीवर मॉनिटर घेऊन जावे लागते. नव्या आवृत्त्यांत ओव्हरले पेनड्राइव्हलाही आपल्याखाली घेऊ शकतो. फाइल लिहून, रीबूट करून ती टिकते का बघावे; टिकत नसेल तर बूट ओळीत ओव्हरलेच्या सेटिंगला ‘रिकर्स=०’ जोडावे.

ओव्हरलेमुळे घड्याळाचाही प्रश्न निघतो, हे फारसे कोणी सांगत नाही. झीरोवर बॅटरीचे घड्याळ नाही. एरवी सिस्टिम शेवटची वेळ कार्डावर लिहून ठेवते आणि तिथून पुढे मोजते. ओव्हरलेत ते लिखाणही पुसले जाते. त्यामुळे वीज आल्यावर, राउटर उठेपर्यंत, बोर्ड ओव्हरले लावला त्या तारखेला जाऊन बसतो आणि आलेखात जुन्या महिन्यात नवे ठिपके उमटतात. एकतर वेळ जुळल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होणार नाही असे सिस्टिमडीमध्ये (प्रोग्रॅम आपोआप सुरू करणाऱ्या व्यवस्थेत) लिहावे, किंवा डीएस३२३१ हे सेलवर चालणारे घड्याळ जोडावे. ते ३.३ व्होल्टवरच चालवावे. त्याच्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करणारे सर्किट असते आणि लोक त्यात चार्ज न होणारा सीआर२०३२ घालतात. मॉड्यूलला ५ व्होल्ट दिले तर तो सेल फुगतो. चार्जिंगच्या वाटेतला रेझिस्टर काढून टाकला की निश्चिंत.

डबा प्लॅस्टिकचा हवा, लोखंडी डब्यात वाय-फाय गुदमरते. तारांची भोके खालच्या बाजूला, ग्लँड (तारेभोवती घट्ट बसणारे बूच) लावून. आत येण्याआधी तारेला खाली झोल द्यावा म्हणजे पाणी तिथूनच ठिबकते. भोके उघडी राहिली तर मुंग्या आणि पाली हमखास. कोकणात आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. विदर्भात प्रश्न उन्हाचा. बोर्ड ८० अंशांना पोहोचला की स्वतःच वेग कमी करतो. डबा सावलीतल्या भिंतीवर लावावा आणि कॉन्फिग फाइलमध्ये वेग ६०० मेगाहर्ट्झवर आणावा, या कामाला तो भरपूर आहे.

इतके झाले की साहजिकच मोटरही यावरूनच चालू-बंद करावी असे वाटते. माझा सल्ला नको असाच आहे. मोटर बंद करण्याचा अंतिम निर्णय फ्लोट स्विचकडेच असावा, कारण त्याला ना कार्ड, ना वाय-फाय. तरीही करायचेच असेल तर निळ्या डबीचा १० अँपिअरचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) मोटरच्या वाटेत घालू नये. एक एचपीची मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी वर करंट ओढते आणि रिलेचे संपर्क चिकटून बसतात. रिलेने फक्त काँटॅक्टरची (जास्त करंट पेलणाऱ्या मोठ्या रिलेची) कॉइल चालवावी, काँटॅक्टरने मोटर, फ्लोट स्विच त्या कॉइलच्या ओळीतच असावा, आणि २३० व्होल्टचे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावे. रिले मॉड्यूल ५ व्होल्टचे असेल तर पायच्या ३.३ व्होल्टने ते कधीकधी पूर्ण बंद होत नाही. मॉड्यूलवरचा जम्पर काढून व्हीसीसीला (सिग्नलच्या बाजूला) ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला (रिलेच्या कॉइलला) ५ द्यावे.

वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, डबा उघडावा. सेन्सरच्या डोक्यावर क्षारांचा पांढरा थर असेल तर व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावा, सिलिका बदलावी. सिस्टिम अपडेट करायला ओव्हरले काढून रीबूट, अपडेट, परत ओव्हरले लावून रीबूट, असा फेरा पडतो. शेवटचा ओव्हरले खरेच लागला का, हे बघायला होम फोल्डरमध्ये एक रिकामी फाइल बनवून बोर्ड पुन्हा चालू करावा. फाइल गायब झाली असेल तर झाकण लावायला हरकत नाही.